साकेच्या बाटलीवरचं पदक कसं वाचायचं, आणि घरी ते कसं ताडून बघायचं

जपानच्या कुठल्याही मोठ्या विमानतळावर साकेच्या, म्हणजे तांदळाच्या जपानी मद्याच्या, कपाटासमोर उभं राहा, पहिला गोंधळ सोनेरी स्टिकरांचा होतो. एकावर लंडन, दुसऱ्यावर पॅरिस, तिसऱ्यावर नुसतं 'गोल्ड' आणि खाली सगळं जपानीत. वेळ कमी असतो, बोर्डिंगची घोषणा चालू असते, आणि हात आपसूक सर्वांत महाग आणि सर्वांत चकचकीत बाटलीकडे जातो. घरी आल्यावर मात्र पाहुणे म्हणतात, "छान आहे, पण अत्तर प्यायल्यासारखं वाटतंय."

पदक खोटं नसतं. पण ते एका ठरावीक परीक्षेत मिळालेलं असतं. परीक्षा कोणी घेतली, कुठल्या गटात, कशा पेल्यात आणि कशासाठी, हे कळलं तर स्टिकरचा उपयोग होतो. नाहीतर ती नुसती सजावट. म्हणून आधी स्टिकर वाचायला शिकू, मग परीक्षक चाखतात त्या पद्धतीने घरी चाखून बघू.

पायरी १: स्टिकर सोडा, आधी गट शोधा

स्पर्धेत सगळ्या साके एका रांगेत उभ्या करत नाहीत, त्यांचे गट पाडतात. हे गट बहुतेक जपानच्या अधिकृत वर्गवारीवरून येतात. या वर्गवारीत दोनच गोष्टी बघायच्या: तांदूळ किती सडला आहे, आणि वरून अल्कोहोल घातलं आहे का.

सडणं म्हणजे दाण्याचा बाहेरचा थर घासून काढणं. त्या थरात प्रथिनं आणि स्निग्धांश जास्त असतात. त्यांनी चव जड होते आणि फळांसारखा नाजूक सुगंध दबतो. लेबलवर जी टक्केवारी असते ती उरलेल्या दाण्याची असते, काढून टाकलेल्या कोंड्याची नव्हे. ६०% म्हणजे ४०% घासून गेला. म्हणजे आकडा जितका लहान, तितकं सडणं जास्त. इथे भलेभले उलटं वाचतात.

'दाइगिंजो' म्हणवून घ्यायला ५०% किंवा त्याहून कमी तांदूळ उरलेला असावा लागतो, 'गिंजो'ला ६०%, 'होनजोझो'ला ७०%. नावात 'जुनमाई' असेल तर त्यात फक्त तांदूळ, पाणी आणि कोजी, म्हणजे तांदळावर मुद्दाम वाढवलेली बुरशी. जुनमाईला आता सडण्याची किमान अट नाही. ती २००४ साली काढून टाकली. नावात 'जुनमाई' नसेल तर गाळण्याआधी थोडं ऊर्ध्वपातित अल्कोहोल घातलेलं असतं, तेही पांढऱ्या तांदळाच्या वजनाच्या १०% पर्यंतच. याला भेसळ समजू नका. अल्कोहोलमध्ये सुगंध विरघळून उतरतो आणि शेवट, म्हणजे घोटानंतर तोंडात उरणारी चव, कोरडा, स्वच्छ होतो. स्पर्धांत अनेक वर्षं याच दाइगिंजोंनी बाजी मारली आहे.

पायरी २: पदक कोणी दिलं ते बघा

सगळ्यांत जुनी परीक्षा जपानचीच. 'झेनकोकु शिनशु कानप्योकाई', म्हणजे नव्या साकेची राष्ट्रीय पारख, १९११ पासून चालू आहे. ती आंतरराष्ट्रीय नाही, पण बाकीच्या स्पर्धांची मुळं तिच्यात आहेत, म्हणून तिथून सुरुवात. हिगाशी-हिरोशिमामधली सरकारी मद्यसंशोधन संस्था ती घेते. साधारण आठशेच्या वर नमुने येतात, निम्म्यांच्या आसपास निवडले जातात आणि त्यांतल्याही निम्म्यांना सुवर्ण मिळतं. मूळ उद्देश दुकानदारीचा नव्हता. मद्यशाळांचं तंत्र सुधारावं म्हणून ही पारख सुरू झाली. त्यामुळे इथे दोष शोधण्यावर भर असतो, आणि प्राथमिक फेरीत १ हा सर्वांत चांगला गुण असतो, ५ सर्वांत वाईट.

इथे जिंकण्याचा एक जुना फॉर्म्युलाही ठरून गेला होता. त्याला 'वायके ३५' म्हणत: यामादानिशिकी जातीचा तांदूळ, कुमामोतोचं यीस्ट, आणि ३५% दाणा उरेपर्यंत सडणं. निकाल इतका हमखास यायचा की सगळ्यांच्या बाटल्या एकमेकींच्या जवळ जाऊ लागल्या. या पारखेतलं सुवर्ण बघताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: ते एका ठरावीक टाकीतल्या साकेला मिळालेलं असतं. त्याच मद्यशाळेची दुकानातली नेहमीची बाटली ती असेलच असं नाही. 'आमच्या मद्यशाळेला सुवर्ण' आणि 'या बाटलीला सुवर्ण' यांत फरक आहे आणि विक्रेते तो सांगायची घाई करत नाहीत.

जपानबाहेरची सर्वांत जुनी मोठी स्पर्धा होनोलुलूची. 'यूएस नॅशनल साके अप्रेझल' २००१ पासून भरते. हवाईत जपानी वंशाची मोठी वस्ती आहे, हे ठिकाण निवडण्यामागचं उघड कारण. इथली एक गोष्ट मला फार आवडते: दाइगिंजोचे दोन वेगळे गट आहेत, एक ४०% किंवा त्याहून कमी तांदूळ उरलेल्यांचा आणि दुसरा ५०% पर्यंत उरलेल्यांचा. त्यामुळे अतिशय सडलेली महागडी साके आणि बेताची सडलेली साके एकमेकींच्या डोक्यावर बसत नाहीत. स्पर्धेनंतर 'जॉय ऑफ साके' नावाचा चाखण्याचा कार्यक्रम असतो. तिथे सामान्य माणसाला त्याच साके शेजारी-शेजारी ठेवून चाखता येतात.

लंडनच्या 'इंटरनॅशनल वाईन चॅलेंज'ने, म्हणजे आयडब्ल्यूसीने, २००७ साली साकेचा विभाग सुरू केला. आज परदेशातलं सर्वांत जास्त मिरवलं जाणारं पदक हेच. अलीकडे दरवर्षी हजाराहून जास्त नोंदी येतात. जुनमाई, गिंजो, दाइगिंजो, होनजोझो यांच्याबरोबर बुडबुड्यांची साके, जुनी मुरवलेली कोशु आणि रोजच्या पिण्याची फुत्सुशु यांनाही वेगळे गट आहेत. उतरत्या क्रमाने सुवर्ण, रौप्य, कांस्य आणि 'कमेंडेड' अशी श्रेणी असते. सुवर्णवाल्यांतून ट्रॉफी, आणि गटांच्या ट्रॉफीवाल्यांतून एकच 'चॅम्पियन साके'. परीक्षकांत जपानी मद्यतज्ज्ञ असतात तसे युरोप-अमेरिकेतले वाईनवालेही असतात. सहअध्यक्षांपैकी केनिची ओहाशी हे स्वतः 'मास्टर ऑफ वाईन' आहेत. मधूनमधून ही पारख जपानलाही जाते. २०१६ साली ती कोबेला झाली, २०१८ साली यामागाताला.

पॅरिसची 'कुरा मास्टर' २०१७ ची, म्हणजे वयाने लहान. तिचा स्वभावच वेगळा. परीक्षक मुख्यतः फ्रान्समधले सोमेलिए, म्हणजे रेस्टॉरंटमध्ये वाईन निवडून देणारे जाणकार, आणि हॉटेल-रेस्टॉरंटमधली माणसं असतात. अध्यक्ष झाव्हिए थुइझा हेही पेशाने सोमेलिए. इथे साके वाईनच्या पेल्यातून चाखतात, आणि हे फ्रेंच जेवणाबरोबर कसं जाईल हा विचार परीक्षकाच्या डोक्यातून जात नाही. इथलं प्लॅटिनम पदक म्हणजे टेबलावर चालणारी साके, असं मी धरून चालतो.

याखेरीज लंडन साके चॅलेंज आणि मिलानो साके चॅलेंज आहेत. जपानमध्ये वाईनच्या पेल्यासाठी वेगळी स्पर्धा आहे आणि गरम करून प्यायच्या साकेसाठी वेगळी. ही गरम साकेची स्पर्धा माहीत असणं फायद्याचं: तिथे जिंकलेली बाटली बर्फासारखी थंड करून प्यायलात तर पदकाचा काहीच उपयोग नाही.

पायरी ३: मागचे विजेते चाळा, भ्रम कमी होतात

आयडब्ल्यूसीचे चॅम्पियन बघा. २०११ साली सागा प्रांतातल्या काशिमा गावची 'नाबेशिमा' दाइगिंजो जिंकली. गाव छोटं, पण त्या निकालानंतर तिथल्या मद्यशाळांनी मिळून पर्यटन सुरू केलं आणि लोक मुद्दाम तिथे जायला लागले. इथवर सगळं अपेक्षेप्रमाणे, दाइगिंजो जिंकणारच. पण २०१६ साली चॅम्पियन ठरली यामागातातल्या देवाझाकुरा मद्यशाळेची 'देवानोसातो' जुनमाई, ६०% तांदूळ उरलेली. २०१७ साली इवातेची 'नानबु बिजिन' तोकुबेत्सु, म्हणजे विशेष, जुनमाई, ५५%. दोन्ही दाइगिंजो नाहीत. दोन्हींची किंमत त्यांच्याच मद्यशाळेच्या भारी बाटल्यांपेक्षा कितीतरी कमी.

म्हणून माझा सरळ नियम: बजेट बेताचं असेल तर दाइगिंजोतलं रौप्य शोधत बसण्यापेक्षा जुनमाई किंवा होनजोझो गटातलं सुवर्ण उचलायचं. तिथे सुगंधाच्या पडद्यामागे लपायला जागा नसते. तांदूळ, पाणी आणि तोजीचा, म्हणजे प्रमुख मद्यकाराचा, हात उघडा पडतो.

आणि पदक नसलेली बाटली कमी दर्जाची असं समजू नका. स्पर्धेत उतरायला प्रवेश शुल्क आहे, बाटल्या पाठवायचा खर्च आहे. ज्यांचा माल आधीच संपतो अशा कित्येक छोट्या मद्यशाळा या भानगडीत पडतच नाहीत.

पायरी ४: घरी मांडामांड

चार जण जमा करा आणि ३०० मिलीच्या चार बाटल्या आणा. एकाच गटातल्या दोन आणि वेगळ्या गटातल्या दोन. प्रत्येकाला प्रत्येकी २०-२५ मिली पुरते.

पेला कुठला? जपानी परीक्षक परंपरेने 'जानोमे' वापरतात. पांढऱ्या चिनी मातीचा रुंद पेला, तळाला दोन गडद निळी वर्तुळं, एकात एक. ती वर्तुळं शोभेची नाहीत. पेल्यात साके ओता आणि निळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर नजर ठेवा. रेघ धारदार दिसली तर साके निवळ, किंचित धुरकट झाली तर गाळणं कमी पडलंय किंवा काहीतरी बिनसलंय. पांढऱ्या भागावर रंग कळतो: पिवळसर छटा, हिरवट झाक. काही परीक्षांत उलट मुद्दाम तपकिरी काचेचे पेले वापरतात, रंग दिसून मत आधीच बनू नये म्हणून. घरी साधे एकसारखे वाईनचे पेले चालतील. एकसारखे हे महत्त्वाचं.

बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून क्रमांक टाका. हे काम चाखणाऱ्यांपैकी कोणी करू नये. तापमान १५ ते २० अंशांच्या मधे ठेवा. मुंबईत मे महिन्यात खोलीचं तापमान म्हणजे हे नव्हे. बाटली फ्रिजमधून काढून वीसेक मिनिटं बाहेर ठेवली की साधारण जमतं. अतिथंड साकेत दोष झोपून राहतात. दुकानदार बर्फाळ साके चाखायला देतो तेव्हा हे आठवा.

वास नको म्हणजे कसलाच नको. अत्तर नाही, उदबत्ती नाही, आणि त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात हिंगाची फोडणी पडता कामा नये. पान-सुपारी, तंबाखू, कॉफी आधी तासभर बंद. साधं पाणी, थुंकायला प्रत्येकाला वेगळा मग, आणि कागद-पेन. थुंकायची लाज वाटते, कळतं. पण साकेत अल्कोहोल साधारण १५-१६% असतं, पाणी न घातलेल्या गेनशुत त्याहून जास्त. परीक्षक दिवसाला डझनावारी नमुने चाखतात ते गिळून नाही.

मांडणीचा क्रम कमी सुगंधाकडून जास्त सुगंधाकडे ठेवा. राष्ट्रीय पारखेतही सफरचंदी वासाच्या द्रव्याचं प्रमाण आधी मोजून नमुने त्यानुसार लावतात, कारण भरघोस सुगंधानंतर आलेली शांत साके उगाच फिकी वाटते. सुगंधी कोणती हे गुंडाळणाऱ्याने हुंगून ठरवावं.

पायरी ५: चाखणं

आधी पेला न हलवता हुंगा. वर येणारा हा पहिला वास. सफरचंद, बडीशेप असं काही वाटलं तर ते इथाइल कॅप्रोएट. केळं किंवा पेअर वाटलं तर आयसोअमाइल अॅसिटेट. हे दोन शब्द माहीत नसले तरी अडत नाही, पण या दोन वासांचा फरक नाकाला यायला हवा. गिंजोचं अर्धं बोलणं यांच्यावरच चालतं.

मग साधारण ५ मिली, म्हणजे चहाच्या एका चमच्याइतका, घोट घ्या. तो जिभेवर पसरवा, ओठ थोडे उघडून आवाज करत हवा आत ओढा आणि श्वास नाकाने सोडा. चहा सुर्रकन ओढणाऱ्यांना हे पहिल्या फटक्यात जमतं. तोंडात उठून नाकातून बाहेर जाणारा वास बहुधा पहिल्या वासापेक्षा वेगळा असतो आणि तोच जास्त खरा. वरून केळं आणि आत नुसता उकडलेला भात, असं झालं तर सुगंध वरवरचा.

थुंका. मग मोजा, शेवट किती टिकतो. साकेत लांबलेला शेवट नेहमी चांगलाच असं नाही. 'किरे', म्हणजे चटकन आणि स्वच्छ संपणं, हाही गुणच मानतात. वाईनची सवय असलेले परीक्षक आणि जपानी परीक्षक यांची मतं इथे हमखास अलग पडतात.

लिहिताना चार रकाने पुरतात: वास, चव, तोल, शेवट. प्रत्येकाला पाचपैकी गुण. 'मस्त', 'स्मूथ' असले शब्द बंद. पहिल्यांदा लिहाल तेव्हा बोलू नका. एकाने "खरबूज!" म्हटलं की टेबलावरच्या सगळ्यांना खरबूजच लागतं.

दोष ओळखणं

परीक्षकाचं निम्मं काम दोष पकडण्याचं. उबेत राहून म्हातारी झालेल्या साकेला मुरलेल्या मुळ्यासारखा, शिळ्या कोबीसारखा वास येतो. त्याला 'हिनेका' म्हणतात. भारतात सापडणाऱ्या बाटल्यांत हाच सर्वांत जास्त भेटतो, कारण प्रवास लांब आणि गोदामं गरम. लोणी किंवा आंबूस दह्यासारखा वास डायअॅसिटिलचा, म्हणजे आंबवणीत गडबड. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे बुरसट संसर्ग. नेलपॉलिश ठळक आलं तर गुण कापा.

मात्र गट विसरू नका. कोशुत कॅरमल आणि सोया सॉसची झाक यायलाच हवी. यामाहाई किंवा किमोतो या जुन्या पद्धतींच्या साकेत लॅक्टिक आम्लाचा दह्याळ रोख ही शैली आहे. ताज्या गिंजोत तेच आलं तर दोष.

एक प्रयोग करून बघा. त्याच साकेचे दोन पारदर्शक पेले भरा आणि वर झाकणं ठेवा. एक कपाटात आणि एक दुपारी खिडकीतल्या उन्हात, दोनतीन तास. मग शेजारी ठेवून हुंगा. उन्हातला पेला वासाने बिघडलेला असेल, कधी रंगही चढलेला दिसेल. साकेच्या बाटल्या तपकिरी, हिरव्या किंवा कागदात गुंडाळलेल्या का असतात ते इथे कळतं. पुढच्या वेळी दुकानात लखलखीत दिव्याखाली उभी असलेली पारदर्शक बाटली, पदक असो वा नसो, तिथेच राहील.

सराव: जोड्या लावा

जपानमध्ये हौशी लोकांच्या कीकिझाके, म्हणजे साके चाखून ओळखण्याच्या, स्पर्धा होतात. त्यांचा खेळ घरी सहज जमतो. पाच साके क्रमांक टाकून ठेवा, चाखा, नोंदी करा. मग तो टेबल सोडा. दुसऱ्या टेबलावर त्याच पाच साके वेगळ्या क्रमाने अक्षरं टाकून ठेवलेल्या असतात. कुठला क्रमांक कुठलं अक्षर, जोड्या लावा. परत पहिल्या टेबलाकडे जायचं नाही, हा नियम. पहिल्या खेपेला आपल्या नोंदी किती निरुपयोगी आहेत ते समजतं: 'फळासारखी, छान' असं पाचपैकी तिघींपुढे लिहिलेलं असतं. दुसऱ्या खेपेपासून माणूस कामाचं लिहायला लागतो, म्हणजे 'जिभेच्या कडेला आंबट', 'गिळल्यावर कडवट रेघ' वगैरे. स्पर्धेचं परीक्षण सुधारायला यापेक्षा स्वस्त उपाय मला माहीत नाही.

आता कागद काढा आणि जेवायला बसा

गुण बेरीज करून झाले की वर्तमानपत्रं काढा. बहुधा सर्वांत महाग बाटली पहिली आलेली नसते, किंवा पहिली आलेली असते पण दुसऱ्या पेल्याला कोणी हात लावत नाही. परीक्षा एका घोटाची असते, जेवण तासाभराचं. भरघोस सुगंधाची दाइगिंजो पहिल्या घोटाला जिंकते आणि तिसऱ्या पेल्याला थकवते. त्यात आपला मसाला आला की तिचा सुगंध पार झाकला जातो.

म्हणून उरलेल्या साके जेवणाबरोबर पुन्हा चाखा, या वेळी तापमान बदलून. जुनमाई बाटलीतून एका भांड्यात काढा, भांडं गरम पाण्यात ठेवा, ४० अंशांच्या आसपास आली की थांबा. भांड्याला हात लावून सुखद कोमट वाटलं पाहिजे. तळलेल्या बोंबलाबरोबर किंवा नुसतं मीठ-हळद लावून परतलेल्या कोळंबीबरोबर ही कोमट जुनमाई काय करते ते बघा. साकेत वाईनपेक्षा आम्ल कमी आणि अमिनो आम्लं जास्त, त्यामुळे मासळीशी तिचं भांडण होत नाही. वाटण-घाटणाचं झणझणीत कालवण मात्र तिला झेपत नाही, असं माझं मत.

खरेदी करताना

भारतात आयात शुल्कामुळे साके महाग पडते आणि शहरागणिक चारदोन लेबलंच मिळतात. परदेशातून येताना प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येतं. त्यात ७२० मिलीच्या दोन बाटल्या आरामात बसतात. १.८ लिटरची मोठी बाटली मोहात पाडते, पण उघडली की आठवडा-दोन आठवड्यांत संपवावी लागते. महाराष्ट्रात मद्य प्यायला परवाना लागतो, आणि वयाची अट बिअर-वाईनला २१, बाकी मद्यांना २५ आहे. घरच्या बैठकीला २५ पूर्ण झालेल्यांनाच बोलवा, म्हणजे प्रश्नच नको.

बाटली उचलण्याआधी या क्रमाने बघा. बाटलीत भरल्याची तारीख: २०२३ पासून जपानमध्ये ती छापणं ऐच्छिक झालं आहे, पण असेल तर वर्षाच्या आतली घ्या. मग पदकाचं वर्ष. २०१९ चं सुवर्ण मिरवणारी बाटली आजच्या तांदळाची असेल, पदक मात्र त्या वर्षीच्या साकेचं. मग पदक याच नावाला आहे की मद्यशाळेला. मग गट. 'नामा', म्हणजे न तापवलेली साके असेल आणि ती फ्रिजबाहेर उभी असेल, तर पुढे बघायचीही गरज नाही.

परीक्षक व्हायचं असेल तर

एकदम कोणी बोलावत नाही. लंडनच्या डब्ल्यूएसईटी या मद्यांचं शिक्षण देणाऱ्या संस्थेचे साकेचे अभ्यासक्रम इंग्रजीत आहेत आणि हॉटेल-वाईन क्षेत्रातल्या लोकांना सोयीचे. जपानची 'कीकिसाके-शी' ही पदवी सेवेच्या अंगाने जास्त जाते. पण अभ्यासक्रमापेक्षा आधी नोंदवही भरा: प्रत्येक साकेचं नाव, गट, सडण्याची टक्केवारी, तापमान, आणि लेबल न बघता दिलेले गुण. वाईनच्या चाखणीत मुरलेले लोक साकेत आले की पहिली अडचण आम्लाची होते. त्यांचं तोंड आंबटपणावर तोल शोधायला शिकलेलं असतं, आणि इथे तोल गोडी, अमिनो आम्लं आणि अल्कोहोलच्या उबेत असतो. त्यांनी सुरुवातीचे काही महिने फक्त जुनमाई आणि होनजोझो चाखाव्यात, दाइगिंजोला नंतर हात लावावा.